धोक्यातले प्राणी, तिसरी-चौथीचा वर्ग आणि नियोजनाचा प्रश्न

विषय आला कुठून

तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासात प्राणी, त्यांचे निवारे आणि अन्नसाखळी हे धडे पूर्वीपासून आहेत. धोक्यात आलेल्या प्राण्यांचा विषय ठळक झाला तो पर्यावरण शिक्षणाला न्यायालयाचा रेटा मिळाल्यावर. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा शिक्षणातला सक्तीचा विषय करावा असे निर्देश दिले आणि अंमलबजावणी रेंगाळल्यावर २००३ मध्ये एनसीईआरटीला अभ्यासक्रम आखायला लावला. जवळपास त्याच सुमारास दुसरा प्रवाह येऊन मिळाला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल ज्ञान स्वतः रचते ही भूमिका घेतली. महाराष्ट्रात ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी बसला, साताऱ्यातल्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ने त्या वाटेला सरकारी आधार दिला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तिसरी ते पाचवीच्या टप्प्यासाठी खेळ, शोध आणि कृती यांचाच आग्रह धरला. काय शिकवायचे ते न्यायालयाकडून आले आणि कसे शिकवायचे ते शिक्षणशास्त्राकडून. दोन्हींचा मेळ बसतो की नाही, हे मात्र फारसे कुणी तपासले नाही.

शोधातून शिकण्याची कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीममध्ये हाताने केलेले काम हेच शिक्षणाचे केंद्र होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे शाळाच मुलांकडे नेली. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम हा या परंपरेतला सर्वांत मोठा सरकारी शाळांतला प्रयोग. सहावी ते आठवीची मुले प्रयोग करून, नोंदी ठेवून, चर्चेतून निष्कर्षापर्यंत जात. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य सरकारने तो बंद केला. तो का बंद पडला यावर आजही दोन मते आहेत, आणि ती थेट आपल्या प्रश्नाला भिडतात: मुलांना पुरेसे येत होते का, आणि ‘पुरेसे’ हे कुणी ठरवायचे?

दोन छावण्या

शोधनिष्ठ शिक्षणावरची सर्वांत गाजलेली टीका २००६ ची. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी असे मांडले की नवख्या विद्यार्थ्याची कार्यरत स्मृती फार तोकडी असते. त्याला कमी मार्गदर्शनात सोडले की तिची सारी ताकद चाचपडण्यातच खर्च होते आणि शिकण्यासाठी काही उरत नाही. आपल्या वयोगटाच्या दृष्टीने याहून नेमका पुरावा २००४ मध्ये आला होता. क्लार आणि निगम यांनी तिसरी-चौथीच्या ११२ मुलांना उतारावरून चेंडू सोडण्याचे प्रयोग आखायला दिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे, हे तत्त्व ज्यांना नीट शिकवले गेले त्यांपैकी ७७ टक्के मुलांना ते आत्मसात झाले. स्वतः शोधून काढायला सांगितलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. त्यातही एक बोचरी गोष्ट होती. स्वतः शोधणाऱ्या ज्या थोड्यांना ते जमले, त्यांना दुसऱ्यांचे विज्ञानप्रकल्प तपासताना त्याचा काही वेगळा फायदा झाला नाही. शिकवलेल्या मुलांनीही ते तितकेच चांगले तपासले. स्वतः शोधलेले अधिक खोल रुजते, या समजाला हा धक्का होता.

दुसऱ्या बाजूचे उत्तरही भक्कम आहे. मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की टीकाकार ज्याला झोडपतात ते मोकाट सोडलेले शोधकाम चांगल्या वर्गात नसतेच. तिथे शिक्षक पायऱ्या बांधून देतो, प्रश्न टोकदार करतो, चुकीच्या वाटेवर थांबवतो. त्याच वर्षी डीन आणि कुन यांनी चौथीच्या मुलांना अनेक आठवडे सराव देऊन पाहिले, तेव्हा एकदा थेट शिकवल्याचा लाभ टिकवायला तेवढे शिकवणे पुरत नाही आणि दीर्घ सराव असेल तर ते अपरिहार्यही नसते, असे दिसले. पुढे मोठ्या संख्येने अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १६४ अभ्यासांचा धांडोळा घेतला: मदतीविना शोध थेट शिकवण्यापेक्षा कमी पडतो, पण आधार दिलेला शोध इतर पद्धतींपेक्षा सरस ठरतो. लाझोन्डर आणि हार्मसेन यांनी २०१६ मध्ये ७२ अभ्यासांवरून तेच अधिक ठामपणे सांगितले.

म्हणजे ‘मोकळे सोडावे की शिकवावे’ हा वाद पुराव्याच्या पातळीवर बराचसा निवाला आहे, जरी परिषदांमध्ये तो अजून तावातावाने चालतो. आधार हवा, हे दोघांनाही मान्य आहे. कोणत्या टप्प्यावर, कशाचा आणि किती, हे मात्र त्यातून ठरत नाही. माझ्या मते धोक्यातल्या प्राण्यांच्या बाबतीत अडते ते इथेच, कारण इथे विषयच असा आहे की शोधाचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत.

जो दिसत नाही त्याचा शोध

उतारावरचा चेंडू मुलाच्या हातात असतो. माळढोक पक्षी नसतो. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्याशेजारच्या शाळेतल्या मुलालाही तो दिसण्याची शक्यता आज नगण्य आहे. देशात दीडशेच्या आसपास उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. प्राणी धोक्यात असणे याचा अर्थच तो सहजी न भेटणे. मग शोध कशाचा करायचा? शाळांनी याचे उत्तर परस्पर देऊन टाकले आहे: माहितीचा. स्टेशनरीच्या दुकानातून ‘दुर्मीळ प्राणी’ असे छापलेला चित्रांचा तक्ता आणायचा, चित्रे कापून प्रकल्पवहीत चिकटवायची, खाली मोबाइलवरून उतरवलेल्या चार ओळी लिहायच्या. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्रकल्प’ हा रकाना असल्याने तो भरला जातो. याला शोध म्हणणे धाडसाचे आहे. मुलाने प्रश्न विचारला नाही, पुरावा गोळा केला नाही आणि चूक ठरण्याचा धोका पत्करला नाही.

यावर उपाय म्हणून दोन मार्ग सुचवले जातात. पहिला, पुरावा मुलांपुढे आयता ठेवून त्यावर विचार करायला लावण्याचा. गिधाडांची हकिकत त्यासाठी जणू बेतलेली आहे. नव्वदच्या दशकात भरतपूरसारख्या ठिकाणी गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांच्या लक्षात आले. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या पुढे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आधी संशय विषाणूवर होता. मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्या-यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसत होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. पण का, ते उमगेना. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांना मारते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करावी लागली. चौथीच्या मुलांपुढे हे सारे एकदम सांगायचे नसते. आधी फक्त एवढेच: गिधाडे मरत आहेत, उपाशी नाहीत, गोळी लागलेली नाही. आता तुम्ही काय तपासाल? नंतर एकेक दुवा. आजोबांनी बैलाला इंजेक्शन दिलेले पाहिलेले खेड्यातले मूल इथे शहरी मुलाच्या पुढे निघते.

या मार्गावरचा आक्षेप खरा आहे: उत्तर शिक्षकाला ठाऊक आहे आणि मुलांनाही कळते की ते ठाऊक आहे. पण पुराव्याकडून कारणाकडे जाताना पहिला अंदाज सोडून द्यावा लागतो, हे शास्त्रज्ञांचेच वळण मुले इथे प्रत्यक्ष गिरवतात. तेवढे पदरात पडले तर उत्तर आधी ठरलेले होते याने फारसे बिघडत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे दूरचा वाघ-हत्ती सोडून शेजारचा जीव घेणे. बाल्मफोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटनमधल्या ४ ते ११ वर्षांच्या १०९ मुलांना चित्रे दाखवली. आठ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांना पोकेमॉनची जवळपास ८० टक्के पात्रे ओळखता येत होती, भोवतालचे खरे प्राणी-वनस्पती मात्र निम्म्याहून कमी. लिंडेमान-माथीस यांनी स्वित्झर्लंडमध्ये शाळेच्या वाटेवरचा निसर्ग मुलांना पाहायला लावला, तेव्हा ज्यांनी जितके अधिक जीव टिपले तितके त्यांना ते अधिक आवडू लागले. या बाजूचे म्हणणे असे की जवळचे ओळखल्याशिवाय दूरच्याची कळकळ ही पाठांतरासारखी असते.

चिमणी: अडचणीचे आणि म्हणून मोलाचे उदाहरण

जवळच्या जीवाचा शोध खरोखर घेतला तर काय होते, हे चिमणीवरून दिसते. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० मध्ये सुरू झाला तो नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने. मराठी मुलाच्या आयुष्यातला पहिला पक्षी बहुधा चिऊताईच असतो, त्यामुळे शाळांनी तो दिवस लगेच उचलला. घोषणा ठरलेली: चिमणी नामशेष होते आहे, चिमणी वाचवा. पण ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या देशव्यापी अहवालाने म्हटले की गेल्या पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या देशभरात साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मुंबईसह सहा महानगरांत. जागतिक लाल यादीतही चिमणी धोक्यातल्या गटांत मोडत नाही.

इथे शाळेपुढे खरी निवड उभी राहते. घोषणा आधी आणि मोजणी नंतर, की उलट? मोजणी आधी घ्यायची ठरवली की लगेच नियोजनाचे प्रश्न अंगावर येतात, आणि ते तिसरीच्या मुलांना पेलतील असेच असतात. मुले पहिल्या दिवशी धावत मोजतात. पिंपळावरची चिमणी उडून पत्र्यावर बसते आणि दोनदा धरली जाते. एकाचा आकडा चाळीस, दुसऱ्याचा अकरा. वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. ब्रिटनमधल्या ‘बिग गार्डन बर्डवॉच’मध्ये, जी १९७९ मध्ये मुलांसाठीच सुरू झाली होती, यावर एक साधा नियम आहे: ठरलेल्या वेळात एकाच वेळी जास्तीत जास्त जितके पक्षी दिसले तितकेच लिहायचे. हा नियम मुलांनी स्वतः शोधावा की शिक्षकाने सांगावा? क्लार-निगम यांचा पुरावा पाहता एक दिवस भांडू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकावा. जागा कोणत्या, सकाळी की मधल्या सुटीत, पाऊस आला तर काय, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा कसे, हे मात्र मुलांवर सोडता येते, कारण यातल्या चुकीचा परिणाम त्यांना आठवड्याभरात वहीत दिसतो.

आक्षेप असा येतो की मुलांची मोजणी शास्त्रीयदृष्ट्या कुचकामी असते आणि ‘चिमण्या पुष्कळ आहेत’ असे उत्तर आले तर संवर्धनाची कळकळच विझेल. पहिला मुद्दा मान्य आहे. पण इथे देशाची पक्षिगणना करायची नसून मोजणे म्हणजे काय हे मुलाला कळायला हवे आहे. दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत नाही. गावात चिमण्या आहेत आणि मुंबईतल्या मावशीच्या सोसायटीत नाहीत, हा फरक मुलांच्याच नोंदीतून निघाला तर पुढचा प्रश्न आपोआप पडतो. घरट्याला फटी नाहीत, पिल्लांना खायला किडे नाहीत, की आणखी काही? खोट्या घाबरवण्याने मिळवलेली कळकळ खरी आकडेवारी कळेपर्यंतच टिकते.

भीती, वय आणि घर

तिसरा वाद भावनांचा. अमेरिकी शिक्षक डेव्हिड सोबेल यांनी १९९६ मध्ये मांडलेली भूमिका अजून उद्धृत होते: चौथीच्या आधी मुलांवर पर्यावरणाच्या शोकांतिका लादू नयेत, नाहीतर निसर्गाशी जवळीक होण्याऐवजी त्याच्याबद्दल हतबल भीतीच बसते. याला विरोध करणारे म्हणतात की मुले दूरदर्शनवर आणि मोबाइलवर हे पाहतातच. शाळेने गप्प राहणे म्हणजे त्यांना एकटे सोडणे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोघेही एक मूल गृहीत धरतात ज्याला धोका फक्त बातमीतून कळतो. महाराष्ट्रात तसे नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या ही अंधार पडल्यावर अंगणात न जाण्याची गोष्ट आहे. तिथे ‘बिबट्याला कसे वाचवाल?’ हा प्रश्न वर्गात पहिला विचारणे क्रूरपणाचे ठरेल. ‘बिबट्या उसात का येतो?’ हा विचारता येतो. नान्नजच्या अभयारण्याची हद्द सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर होती, नंतर ती सव्वाबाराशेच्या आसपास आणली गेली. मधल्या वर्षांत असंख्य शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार त्यात अडकले. त्या घरातले मूल माळढोकाबद्दल घरी ऐकलेलेच वर्गात बोलेल. शोधाला खरा वाव द्यायचा तर हे बोलणेही पुरावा म्हणून फळ्यावर यायला हवे. बहुतेक पाठयोजनांत त्याला जागा नसते.

योजना कुणाची

धोक्यातल्या प्राण्यांच्या प्रकल्पाचा शेवट हल्ली ‘कृती’ने व्हावा असा आग्रह असतो. आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा) प्राथमिक अभ्यासक्रम राबवणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या शाळांत तर कृती हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. जिल्हा परिषद शाळेत तिचे रूप म्हणजे प्रभातफेरी, घोषवाक्ये आणि पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण. युनिसेफसाठी १९९२ मध्ये रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणे, सजावटीला उभे करणे आणि नावापुरते सामील करणे, यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. बहुतेक फेऱ्या त्या पायऱ्यांवर बसतात, हे कटू असले तरी खरे आहे.

पण मुलांनी सर्वच योजना करावी ही मागणीही तितकीच पोकळ आहे. माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात, कारण त्यांना समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. त्या तारा जमिनीखाली घालाव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, आणि २०२४ मध्ये सौर-पवन प्रकल्पांच्या अडचणी पाहून तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. ज्या पेचावरचा आदेश न्यायालयाला तीन वर्षांत फिरवावा लागला, त्यावर नऊ वर्षांच्या मुलाकडून ‘उपाययोजना’ लिहून घेणे ही थट्टा आहे. कोकण किनाऱ्यावरच्या वेळासचे उदाहरण वेगळे. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि चोरांपासून राखायला सुरुवात केली. घरटे कुंपणात हलवले की साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. किनाऱ्यावरच्या शाळेतल्या मुलाला इथे एका सत्रात आरंभ आणि अंत दोन्ही दिसतात. तारखांचे वेळापत्रक, वाळूच्या तापमानाची नोंद, कुणी कधी जायचे हे त्याला आखता येते. मोठ्यांवर परिणाम होतो का, यावरही काही पुरावा आहे. सेशेल्समध्ये २०१३ च्या एका अभ्यासात पाणथळ जागांविषयी शिकलेल्या मुलांच्या पालकांची माहिती आणि घरातल्या सवयी बदललेल्या आढळल्या.

यावरून मला पटणारी विभागणी अशी: प्रश्न शिक्षकाने आणि मुलांनी मिळून निवडावा, पुरावा गोळा करण्याची आखणी मोजण्याचे नियम शिकवून मुलांकडे द्यावी, आणि कृती फक्त तिथे ठेवावी जिथे तिचे फळ त्याच वर्षी त्याच मुलांना पाहता येईल. बाकी ठिकाणी कृतीचा आग्रह सोडून दिलेला बरा.

अजून न सुटलेले

काही गाठी तशाच राहतात. आधीच्या ज्ञानाशिवाय शोध चालत नाही आणि वाचन हे त्या ज्ञानाचे पहिले दार. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आधी वाचन, मग शोध, असे एक मत. नोंदी लिहिण्याच्या गरजेतूनच वाचन-लेखन येते, हे दुसरे. दोन्ही मतांचे समर्थक आपापल्या शाळा दाखवतात. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालणाऱ्या शाळेत आधार दिलेला शोध कसा पेलायचा, हाही प्रश्न उरतोच. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग एका इयत्तेच्या वर्गांतले, तेही अमेरिका-युरोपातले आहेत. बहुवर्ग शाळेत मोठी मुले छोट्यांना नोंदी घ्यायला शिकवतात ही जमेची बाजू असू शकते, पण ती अजून अनुभवाच्या पातळीवरच आहे. आणि मूल्यमापन: योजना फसली पण ती का फसली हे मुलाला सांगता आले, याला वर्णनात्मक नोंदीत काय लिहायचे, यासाठी शिक्षकाच्या हाती आज रूढ वाक्यांखेरीज काही नाही.

मुख्याध्यापकांना एवढेच सुचवता येईल. यंदा २० मार्चला फेरी काढायची असेल तर जरूर काढा, पण आधीचे दोन आठवडे चौथीच्या मुलांना शाळेभोवतालच्या चिमण्या मोजू द्या, आणि फलकावर काय लिहायचे ते त्यांच्या वहीतला आकडा पाहून ठरवा.